आधी खैरनार काका, मग चिकू

आमच्या सोसायटीत कुत्र्यांचं खाणं आधी खैरनार काका खातात आणि मग कुत्री खातात. नवख्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो आणि म्हणतो, "काहीतरीच काय, बाई!" मी वाद घालत नाही. रविवारी सकाळी नऊ वाजता पार्किंगमध्ये या, एवढंच सांगते.

तिथे काका प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले असतात. पांढरा लेंगा, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. समोर कुणीतरी कुत्र्याच्या खाण्याचं नवं पोतं घेऊन परीक्षेला बसल्यासारखं उभं असतं. काका कात्रीने पोत्याचा कोपरा कापतात, आत नाक घालतात आणि बराच वेळ बाहेर काढत नाहीत. मग चार दाणे तळहातावर घेऊन भिंगाखाली उलटेपालटे करतात. एक दाणा बोटांत चुरडतात. आणि शेवटी एक तोंडात टाकून, डोळे मिटून सावकाश चघळतात. गिळत मात्र नाहीत. झाडाच्या आळ्यात थुंकतात, चूळ भरतात आणि निकाल देतात. "चिकन लिहिलंय वर. कोंबडी नुसती शेजारून गेली असंल. पण माल ताजा आहे. द्या."

गंमत म्हणजे काकांकडे कुत्रं नाही. मांजर नाही, पोपटही नाही. तपासणी चालू असताना एखादं पिल्लू येऊन पायाशी लोळलं, तर काका दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतात. सोसायटीतल्या नऊ कुत्र्यांचं पोट कसं आहे हे त्यांना डॉक्टरांपेक्षा जास्त माहीत, पण एकाच्याही डोक्यावरून त्यांचा हात कधी फिरलेला मी पाहिला नव्हता. आमच्या सोसायटीत सगळ्यांची सगळी माहिती असते, या गोष्टीचं कारण मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

काका मूळचे सटाण्याकडचे. सरकारी धान्याच्या गोदामात आयुष्यभर तपासनीस होते. गव्हाचा ट्रक आला की पोत्यात टोकदार पोकळ नळी खुपसायची, दाणे काढायचे, ओल बघायची, कीड बघायची, आणि प्रत्येक मालातला मूठभर नमुना बाटलीत सीलबंद करून वर्षभर जपायचा. ती पितळी नळी निवृत्त होताना ते घरी घेऊन आले, आणि गोदामही डोक्यात घेऊन आले. "विश्वास देवळात ठेवायचा, बाई. पोत्याजवळ नमुना ठेवायचा." हे वाक्य मी आजवर किती वेळा ऐकलंय याची गणती नाही. मी शाळेत भूगोल शिकवते म्हणून ते मला बाई म्हणतात. माझ्या नवऱ्याला ते काहीच म्हणत नाहीत, कारण त्याने पहिल्याच दिवशी त्यांची चेष्टा केली होती.

तो पहिला दिवस असा. आमची मुलगी नोकरीला बंगळुरूला गेली आणि जाताना चिकू नावाची पिवळट रंगाची, एक कान पडका असलेली कुत्री आमच्या गळ्यात मारून गेली. मी दुकानातून पोतं आणलं, आणि आपल्याकडे कुठलीही बाई जे करेल तेच करायला घेतलं. स्टीलचा मोठा डबा घासूनपुसून ठेवला, त्यात दाणे ओतायला पोतं उचललं. दार उघडं होतं. जिन्यातून काका ओरडले, "थांबा!"

माझ्या हातातून पोतं सुटायचंच बाकी होतं. काका दारातच उभे राहिले आणि तिथूनच त्यांनी माझा तास घेतला. डाळ-तांदळासारखं हे डब्यात ओतायचं नाही. पोतं तसंच्या तसं डब्यात ठेवायचं, तोंड दुमडून चिमटा लावायचा. पोत्यावर बॅच नंबर असतो, तो म्हणजे मालाची जन्मपत्रिका. पोतं टाकलं की उद्या काही झालं तर कुणाचं नाव घेणार? जुन्यावर नवं ओतायचं नाही, तळाची तेलकट भुकटी खवट होते आणि नव्यालाही नासवते. उघडल्याची तारीख लिहायची. आणि मूठभर नमुना बाटलीत.

"काका," माझा नवरा आतून म्हणाला, "माझ्या डब्यात रोज काय असतं ते या घरात कुणी तपासत नाही."

"तुम्हाला बोलता येतं," काका म्हणाले. "कडू लागलं तर तुम्ही सांगाल. ती काय सांगणार?"

नवरा गप्प बसला. ही घटना आमच्या संसारात फार क्वचित घडते, त्यामुळे त्या दिवसापासून मला काकांबद्दल आदर वाटू लागला.

हळूहळू माझ्याही ओट्यावर रिकाम्या लोणच्याच्या बाटल्या दिसू लागल्या. त्यावर चिठ्ठी चिकटवायची, नंबर आणि तारीख घालायची आणि बाटली काकांच्या दारात नेऊन द्यायची. काका दार अर्धवटच उघडायचे, बाटली घ्यायचे, "ठेवतो" म्हणायचे आणि दार लावायचे. आत काय आहे ते कुणी पाहिलं नव्हतं. नवरा म्हणायचा, आत नक्की म्युझियम असणार आणि एक दिवस आपल्याला तिकीट काढून जावं लागणार.

काकांच्या वर्षात एकच महिना अडचणीचा. श्रावण. श्रावणात काका कांदासुद्धा खात नाहीत, आणि कुत्र्याच्या खाण्यात कोंबडी, मासा, कधी बकरा. "श्रावणात फक्त वास आणि भिंग," असं ते आषाढ संपतानाच जाहीर करतात. त्यावर आमच्याकडे भरपूर विनोद होतात. सोमवारी तर ते उपासाचे, म्हणून भिंगसुद्धा संध्याकाळी उपास सोडल्यावरच हातात घेतात.

गेल्या श्रावणात काका भाच्याच्या लग्नाच्या बोलण्यांसाठी सटाण्याला गेले होते. चिकूचं खाणं संपलं. मी नवं पोतं आणलं आणि म्हटलं, एक वेळ नाही तपासलं तर काय आभाळ कोसळणार आहे? खरं सांगायचं तर मला जरा मोकळंच वाटलं. कोपरा कापला आणि चिकूला वाढलं. वास किंचित वेगळा आला, ओल्या पोतडीसारखा. पावसाळा आहे, असायचाच, असं मीच मला समजावलं. पण हाताला लागलेली सवय बघा, बाटली घेतली, नमुना भरला, नंबर लिहिला, तारीख लिहिली. काका परत आले की देऊ म्हणून फडताळात ठेवून दिली.

पाचव्या दिवशी चिकूने ताटलीकडे पाठ फिरवली. सहाव्या दिवशी उलट्या. आठव्या दिवशी, सोमवारी सकाळी, ती उठेचना. मी तिचा ओठ वर करून पाहिला तर हिरड्या हळदीसारख्या पिवळ्या. मुलीला काय सांगू, हा पहिला विचार आला. दुसरा आला तो जास्त वाईट होता. तिला बोलता येत नव्हतं आणि मला आलेला वास मी दाबून टाकला होता.

काका नेमके त्याच सकाळी सटाण्याहून परतले होते. खांद्याला पिशवी, अजून घरातही गेले नव्हते. जिन्यात चादरीत गुंडाळलेली चिकू पाहिली आणि त्यांनी एकच विचारलं, "पोतं कुठंय?"

"घरात. नमुनाही ठेवलाय."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की ते मी विसरणार नाही. वर गेले, पोतं आणि बाटली घेऊन आले आणि रिक्षात आमच्याबरोबर बसले.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई तरुण, कामाला वाघीण. चिकूला सलाईन लावता लावता त्यांनी विचारलं, "काय खाल्लं होतं? कधीपासून? कुठलं पोतं?" आणि माझ्या लक्षात आलं, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे आहेत. नंबर, तारीख, पोतं, नमुना. डॉक्टरबाई लिहिताना मध्येच थांबल्या. म्हणाल्या, "इतकी माहिती मला आजवर कुणी आणून दिली नाही."

मी वळून पाहिलं. काका कोपऱ्यात बाकावर बसले होते. श्रावणी सोमवार. कपाळावर भस्माचा पट्टा, पोटात पाण्याचा थेंबसुद्धा नाही. त्यांनी पोत्यात हात घातला, एक दाणा काढला, पुटपुटत शंकराला हात जोडले आणि दाणा तोंडात टाकला.

"अहो!" डॉक्टरबाई किंचाळल्या. "थुंका ते आधी!"

काका बेसिनमध्ये थुंकले. चेहरा कसानुसा झाला होता. "कडू," ते म्हणाले. "काय शे यामा?" 'यात काय आहे' हेही काका अहिराणीत विचारू लागले की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

डॉक्टरबाईंनी त्यांना माझ्यासमोर फैलावर घेतलं. यात बुरशीचं विष असेल तर ते जिभेला कळेलच असं नाही, वासालाही कळत नाही, कडू लागलं नसतं तर तुम्ही माल चांगला म्हणून सोडला असता, ते प्रयोगशाळेचं काम आहे, आणि यापुढे तोंडात काही घालाल तर याद राखा. काका मान खाली घालून ऐकत होते. एवढ्या मोठ्या माणसाला असं बोलणी खाताना पाहून मला भरून आलं.

तिथून काका थेट दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "काका, कंपनीचा सीलबंद माल आहे. मी काय आत शिरून बघू?" काका वाद घालत बसले नाहीत. दुकानाच्या पायरीवर बसले, मांडीवर आमचं पोतं, आणि येणाऱ्या प्रत्येकाला बॅच नंबर वाचून दाखवू लागले. उपाशीपोटी, दुपारपर्यंत. शेवटी दुकानदाराने हात जोडले, त्या नंबरची सगळी पोती मागे नेऊन ठेवली आणि ज्यांनी नेली होती त्यांना एकेक करून फोन लावले. आडगावच्या एका घरात दोन कुत्री नुकतीच उलट्या करायला लागली होती. ती वेळेत दवाखान्यात पोचली.

प्रयोगशाळेचा कागद नंतर आला. बुरशीचं विषच निघालं. पण त्याआधीच चिकूने एका सकाळी सलाईनचा पाय झटकून माझा हात चाटला होता, आणि मी दवाखान्यात सगळ्यांसमोर रडले होते. नवराही रडला. नंतर म्हणाला, डोळ्यात काहीतरी गेलं.

चिकू नीट चालू लागली त्या दिवशी मी तिला घेऊन काकांच्या दारात गेले. हातात नारळ होता. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण काकांनी दार अर्धवट उघडलं आणि चिकू त्या फटीतून सरळ आत घुसली. तिच्यामागे मी. काकांना अडवता आलं नाही.

भिंतभर फळ्या, फळ्यांवर बाटल्या. लोणच्याच्या, खोकल्याच्या औषधाच्या, मुरंब्याच्या. प्रत्येकीवर चिठ्ठी. टायगर, दुसरा मजला. ब्रूनो. चिकू, चिकू, चिकू. आमची सगळ्यांची वर्षं तिथे ओळीने मांडलेली होती. आणि सगळ्यात वरच्या फळीवर मधोमध एक स्टीलचा डबा, असा घासलेला की त्यात खिडकी दिसत होती. आपल्याकडे लग्नात द्यायच्या भांड्यांवर नाव टाकून घेतात ना, तसं त्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं.

कु. ठमी वसंत खैरनार.

मला वाटलं, मुलगी. काकांना मुलगी होती हे मला माहीत नव्हतं.

"कुत्री होती," काका म्हणाले. "ही गेल्यावर पाळली." ही म्हणजे काकू, हे मला समजलं. "भांडी बाजारात नाव टाकून घेतलं. तो कारागीर विचारतो, कुमारी लिहू का? म्हटलं, लिही."

ते खुर्चीत बसले. हात पाठीमागे.

"त्या डब्यात ओतायचो, बाई. पोतं फाडून, जुन्यावर नवं. डबा भरलेला दिसला की बरं वाटायचं. ती आजारी पडली. डॉक्टर विचारतात, कुठलं पोतं, काय नंबर? मी उभा." काका थांबले. "सगळी नोकरी लोकांच्या गव्हाचा नमुना ठेवला. माझ्याच घरात नव्हता. काय खाऊन गेली ते अजून माहीत नाही. मनी पोर व्हती ती. माझी पोर."

नारळ तसाच हातात. या माणसाच्या चिठ्ठ्यांवर आम्ही किती हसलो होतो ते आठवून मला माझीच लाज वाटली.

चिकूला यातलं काही कळलं नाही. ती खोलीभर हुंगत फिरली आणि काकांच्या समोर येऊन जीभ बाहेर काढून उभी राहिली. तहान लागली होती. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी होकारार्थी मान डोलावली. मग ते उठले, स्टुलावर चढले आणि तो डबा खाली काढला. त्याचं झाकण घेतलं, माठातून पाणी ओतलं. पाण्याचा वास घेतला. आणि डॉक्टरबाईंची ताकीद विसरून आधी स्वतः एक घोट घेतला.

जरा वेळ थांबले. मग झाकण चिकूच्या पुढे ठेवलं.

ती लपालपा पाणी पिऊ लागली. पडका कान सारखा पाण्यात बुडत होता. काकांचा एक हात पाठीमागून सुटून पुढे आला, थोडा वेळ तसाच हवेत राहिला, आणि मग त्यांनी अलगद तो कान उचलून धरला.

"पी माय," ते म्हणाले. "पी."

तिचं पिऊन झाल्यावरही त्यांनी कान सोडला नाही.