पोटाचं सिंहासन

एका जंगलात एक पाणघोडा राज्य करत होता. हे जंगल लांब आफ्रिकेतलं हं, बाळांनो. आपल्याकडे असलं काही घडत नाही, तेव्हा निवांत ऐका.

जंगलात तळं एकच. महाराज दिवसरात्र त्यातच बसून असायचे. त्यांचं पोट इतकं सुटलं होतं की तळ्यात पाण्यापेक्षा महाराजच जास्त होते. काठावर प्राण्यांची रांग लागायची आणि प्रत्येकाला चूळभर पाणी मिळायचं.

तिथे नुंगू नावाची साळू राहायची. तिला दोन पिल्लं होती. अंगावरच्या काट्यांपेक्षा तिची जीभ जास्त बोचायची. रांगेत उभ्या असलेल्यांना ती गोष्टी सांगायची. तिला वाटायचं, राजाचं असं हिडीस चित्र रंगवावं की त्याला लाज वाटेल आणि तो तळ्यातून उठेल.

"एका राजाचं पोट एवढं वाढलं," ती एकदा म्हणाली, "की पोटाला वेगळं सिंहासन लागलं!"

प्राणी खो खो हसले. महाराजही हसले. दुसऱ्या दिवशी तळ्याच्या उरल्यासुरल्या कोपऱ्यात पोटासाठी दगडी सिंहासन बसवण्यात आलं. पाणी आणखी कमी झालं.

पण नुंगू हट्टी. "त्या राजाने ढेकर दिला की प्रजा उठून उभी राहायची," ती म्हणाली.

झालं! करकोचा प्रधानाने लगेच दवंडी पिटवली. त्यात महाराजांना अपचन. म्हाताऱ्या हत्तीणबाई दुखरे गुडघे घेऊन दिवसभर उठत-बसत होत्या.

शेजारची झेब्रीण चिडली. "मावशी, आता तोंड आवरा. गोष्ट तुम्ही सांगता आणि भोगतो आम्ही!"

नुंगू ओशाळली. तिने ठरवलं, यापुढे तिखटमीठ लावायचं नाही. साधं, खरं तेवढंच सांगायचं.

"एक राजा तळ्यात बसला होता," ती म्हणाली. "त्यामुळे प्रजेची पिल्लं तहानेने मरत होती."

कोणी हसलं नाही.

"पुढे?" महाराजांनी विचारलं.

"पुढे काही नाही. एवढंच."

"काहीतरीच!" प्रधान किंचाळला. "अतिशयोक्तीला काही मर्यादा? पोटाचं सिंहासन समजू शकतो. पण असा राजा कुठे असतो का?"

"गोष्ट दुरुस्त होईपर्यंत साळूचं पाणी बंद," महाराज म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटं पिल्लू डोळेच उघडेना. नुंगू त्याला तोंडात धरून तळ्याकडे धावली, थोरलं तिच्या मागोमाग. तिला राग येत होता, रडू येत होतं, पण दोन्हीला वेळ नव्हता.

"महाराज, माझी गोष्ट चुकली," पिल्लाला खाली ठेवून ती धापा टाकत म्हणाली. "उन्हाने पाणी आटू नये म्हणून राजा तळ्यात बसला होता. स्वतःच्या अंगाची सावली धरून तो प्रजेचं पाणी राखत होता."

महाराजांना हुंदका आवरेना. "आम्ही इतके थोर आहोत, हे आम्हालाच ठाऊक नव्हतं!"

दोन्ही पिल्लांना पोटभर पाणी मिळालं. धाकट्याने डोळे उघडले. नुंगूचा जीव भांड्यात पडला.

परतताना वाटेत झेब्रीण भेटली. तिच्या पायाशी तिचं शिंगरू निपचित पडलं होतं. नुंगूने मान खाली घातली. आता आपल्याला शिव्या मिळणार, असं तिला वाटलं.

"मावशी," झेब्रीण हळूच म्हणाली, "मलाही तसली एखादी गोष्ट शिकवा ना."

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरं बोलावं. फक्त त्याआधी घरात पाणी भरून ठेवावं.