रुखमाबाईंचे मालक

मराठी मुलखाचं नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. धाड गावच्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ होता आणि मी कलावंत होतो. (हे माझं मत. गावाला विचारू नका.) एका रोलमध्ये बारा फोटो, त्यातले नऊ मी बाजारातल्या धुळीवर पडलेल्या उन्हाचे काढायचो. उरलेल्या तिनात गिऱ्हाईक, तेही कलात्मक, अर्धा चेहरा अंधारात. लोक विचारायचे, "आमचा दुसरा कान कुठी गेला हो?"

एक दिवस मंजुळेनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, शेवटचं सांगितलं. "भावानं खामगावच्या जिनिंगात कापूस तोलायची नोकरी पाह्यली तुमाले. या महिन्यात एक तरी फोटो गिऱ्हाइकानं खुशीनं नेला पाह्यजे. नाही तं एक तारखेले दुकान बंद!"

कापूस तोलायचा? मी?

त्याच आठवड्यात रुखमाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई आल्या. "आमच्या मालकाचा फोटो काढून द्या."

"आणा की त्यांना."

"ते तं वारले. तीन वर्सं झाली."

(मयताचा फोटो नसला की त्याचा सारख्या नाकाचा भाऊ बसवून फोटो काढायची तेव्हा रीतच होती. मालकांना भाऊ नव्हता.) रुखमाबाईंनी मला निरखून पाहिलं.

"भाऊ, नाक तं डिट्टो तुमचं हाय! पटका बांधून तुमीच बसा ना. जरा रागीट दिसा, बस."

मी पेटलो! मिशांना पावडर लावली, दिवा एका बाजूला ठेवला, कॅमेरा लावला, रुबाबात खुर्चीवर बसलो आणि मग लक्षात आलं, बटण कोण दाबणार? मंजुळेला हाक मारली. ती पिठाच्या हातांनीच आली.

"नुसतं बटण दाब. बाकी कशाला हात लावू नको."

"एक बाजू काळी दिसून राह्यली ना."

"ती कला आहे!"

"काऊन? म्हाताऱ्याचं तोंड नको दिसाले?" असं म्हणून तिनं दिवा सरळ माझ्यासमोर आणला. मी असा खवळलो म्हणता! ओरडायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं बटण दाबलं.

फोटो पाहून रुखमाबाईंनी झटकन पदर डोक्यावर ओढला. "अवं माय! असेच पाह्यत! भाजीत मीठ जास्त झालं का अस्सेच!" त्या रडल्या, हसल्या आणि बेचाळीस वर्षांचं साठलेलं सगळं त्यांनी फोटोला सुनावलं. (मी शेजारीच उभा होतो. निम्मं मलाच लागलं.) लेकी-जावयांसाठी सात फोटो घेऊन त्या गेल्या.

जिनिंग टळलं! मी दुकानात अक्षरशः नाचलो. पुढच्या बाजारी विमलबाई आल्या, अन्नपूर्णाबाई आल्या. कुणाचे मालक, कुणाचे सासरे. नाकाचं कुणी मनावर घेतलं नाही, तो राग मात्र घरोघरी ओळखीचा निघाला.

मी छाती काढून विचारलं, "म्हणजे माझं काम आवडलं?"

"तुमचं काय काम? तुमी तं नुसते बसले होते," विमलबाई म्हणाल्या. "बाईले बलवा."

स्टुडिओ वाचला. फोटो मंजुळाच काढते आणि गिऱ्हाईक रांग लावतं. मलाही रिकामं बसू देत नाही हं! बाजाराच्या दिवशी सकाळीच तिची हाक येते, "अहो, पटका बांधा! आज तुमाले तीनदा वारायचं हाय!"