‘का’ न विचारणाऱ्या मालतीताई

मालतीताई वैद्यांसमोर कुणी ‘का?’ म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. “‘का’ विचारलं की माणूस आरोपी होतो,” त्या म्हणायच्या. “कधी, कुठे, कोणाबरोबर ते विचार. मग बोलतो.”

परळच्या एका इस्पितळात त्या समाजसेविका आणि मी त्यांची मदतनीस. ही शिस्त कचेरीपुरती असती तर बरं होतं. मेथी महागली तरी त्या भाजीवालीला “कालपासून काय बदललं गं?” असं विचारत. ती सासूपासून सुरुवात करी आणि माझी ट्राम चुके. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात आम्ही घसा फोडून ‘झालाच पाहिजे’ ओरडत होतो, आणि ताई शेजारच्या गिरणीकामगाराला विचारत होत्या, “झाला की आधी कुठे जाल?” बिचारा घोषणा विसरला. “गावाक,” तो लाजत म्हणाला. “आयेक सांगूक.”

त्याच सुमारास लालबागची पार्वती क्षयाची इंजेक्शनं अर्ध्यावर सोडून बसली. तिला समजावून परत आणली, तर डॉक्टर गरजले, “का नाही आलीस? मरायचंय?” ती पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. ‘अडाणी रोगी उपचार का सोडतात?’ या विषयावर डॉक्टरांना ताईंकडून पाहणी करून हवी होती. “हातच्या कांकणाला आरसा कशाला, उत्तर ठाऊकच आहे,” असंही वर म्हणाले.

“मग प्रश्न कशाला?” ताई म्हणाल्या, आणि पार्वतीजवळ बाकावर टेकल्या. “शेवटची आलीस तेव्हा कोण भेटलं गं?”

पार्वतीचा बांध फुटला. क्षयाची रांग रस्त्यावर उभी राही. समोरच्या चाळीत तिच्या नणंदेला बघून गेलेली मंडळी राहायची. “त्येंनी माका बघल्यानी तर पोरीचा लगीन मोडतला, ताई.”

ताईंनी डॉक्टरांचा प्रश्न खोडला आणि नवा लिहिला: ‘रांगेतल्या रोग्याला कोण पाहतं?’ तो घेऊन आम्ही वडाळ्यापर्यंत घरं पालथी घातली. घरोघरी तीच धास्ती निघाली. डॉक्टर कुरकुरले, पण रांग मागच्या अंगणात गेली. पार्वतीने उपचार पुरे केले आणि नणंदेच्या लग्नात मिरवली. मला ताईंचा असा अभिमान वाटला की काय सांगू!

पुढे एकदा ताई तापाने पडल्या. त्यांची भोईवाड्यातली खोली मी आणि पार्वतीने शोधून काढली. मी पटकन बोलून गेले, “ताई, कळवलं का नाही?”

तापातही आठी पडली. पार्वतीने मला बाजूला सारलं.

“जेवलात काय ता मी इचारणय नाय,” ती म्हणाली. “कोणाबरोबर जेवलात, ता सांगा.”

ताई हळूच म्हणाल्या, “कोणाबरोबर नाही गं. कधीच नाही.”

पार्वतीने पेजेचा डबा उघडला. फडताळात ताट एकच होतं, ते तिने ताईंना वाढलं. आपली पेज डब्याच्या झाकणात ओतली आणि त्यांच्यासमोर फतकल मारून बसली.