बिनतक्रार ब्रेक

ताई न्हाणीघरात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि मी गाडी शिकायचं ठरवलं.

ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. ती शहराच्या त्या टोकाला, आम्ही या टोकाला. ‘हे’ मला तिच्याकडे नेत नाहीत असं नाही. पण तिच्या दारात चपला काढता काढताच घड्याळाकडे बघतात. आणि ताई तर पडल्यापासून खुर्ची सोडायला तयार नव्हती. डॉक्टर म्हणत, चाला. ती म्हणे, चालून जायचंय कुठे? मी रोज जाऊन हाताला धरलं, तर चार पावलं टाकेल अशी मला आशा होती. पण रोज जायचं, तर स्टेअरिंग माझ्याच हातात हवं.

व्रत धरल्याशिवाय माझ्या हातून कधी काही झालेलं नाही. (व्रत धरूनही पुष्कळसं झालेलं नाही, पण तो दोष व्रताचा नव्हे.) उपास करून पाहिला, तर उपाशीपोटी माझा पाय क्लचवरून सटकतो. म्हणून देवापुढे हात जोडून म्हटलं, “परवाना मिळेपर्यंत मी तक्रार करणार नाही. कशाचीही नाही, कुणाकडेही नाही.” देवाच्या चेहऱ्यावर काही फरक दिसला नाही. घरच्यांना मी व्रताचं काहीच सांगितलं नाही, तरी त्यांच्या चेहऱ्यावर दोन दिवसांत लख्ख दिसला.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे वस्तू बिघडली की नाही हे वस्तूकडे बघून कळत नाही, माझ्याकडे बघून कळतं. नळ कितीही गळो, मी बोलेपर्यंत तो गळत नसतो. पंखा कितीही खडखडो, मी कपाळावर हात मारेपर्यंत तो उत्तम चालू असतो. सगळ्या घराचा धोक्याचा दिवा म्हणजे मी. आणि तोच दिवा मी व्रतापायी विझवून टाकला होता.

नेमके तेव्हाच गाडीचे ब्रेक किंचाळू लागले. ते यांना कळलं, कारण शेजारच्या काकू बोलल्या. (काकूंचं व्रत नव्हतं.)

“पॅड झिजलेत, दुसरं काय!” हे म्हणाले. “गॅरेजला कशाला जायचं? मी बदलतो.”

यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला, मग तोच पुन्हा बघितला, मग जॅक लावला. काढलेले बोल्ट ठेवायला माझं दुधाचं पातेलं नेलं. मी तोंडातल्या तोंडात नाव घेतलं (देवाचं) आणि म्हणाले, “लागलं तर झाकणही न्या.” यांनी झाकणही नेलं.

काळे हात आणि उजळ चेहरा घेऊन हे परत आले. “नवे कोरे पॅड! चालवून बघ.”

मी चौकात ब्रेक दाबला. स्टेअरिंग असं थडथडलं की माझ्या बांगड्या कोपरापाशी जाऊन पोचल्या. पाय थरथरला, आरसा थरथरला, आरशातली मागची गाडीही थरथरली.

“कसे झालेत ब्रेक?”

“छा-छा-छान,” मी म्हणाले.

“बघ! आणि लोक गॅरेजवाल्यांकडे जातात.”

मग मीच युक्ती काढली. ब्रेक हळू दाबला तर गाडी कमी थरथरायची. म्हणून मी लांबूनच हळूहळू दाबू लागले. सिग्नल दिसायच्या आधी तो असेल अशा श्रद्धेनं वेग कमी करायचे.

आणि व्रताला फळ येऊ लागलं! ‘हे’ बदलले. चहा सोडला. सकाळी फिरायला जाऊ लागले. चिडेनासे झाले. एकदा तर खिडकीपाशी बसून स्वतःच्या तळहातांकडे एकटक बघत होते. मला भरून आलं. इतक्या वर्षांनी यांना विरक्ती येत होती!

चाचणीचा दिवस उजाडला. परीक्षकसाहेब माझ्याशेजारी बसले. सुरुवातीला प्रसन्न होते. “इतक्या लांबून सावध होणारा उमेदवार मी पाहिला नाही,” असंही म्हणाले. मग म्हणाले, “आता मी ‘थांबा’ म्हणेन, तेव्हा जोरात ब्रेक लावायचा. थांबा!”

मी लावला.

साहेबांचा चष्मा नाकावरून ओठांवर आला. त्यांनी दोन्ही हातांनी दार धरलं. “बाई, ही गाडी आहे की पिठाची गिरणी? घरी सांगितलं नाहीत?”

“व्रत आहे हो, तक्रार न करण्याचं.”

साहेबांनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला. मग हळूच म्हणाले, “आमच्या हिला सांगाल का हे व्रत?” आणि लगेच आवाज चढवून, “तुम्ही पास. गाडी नापास! ब्रेक दुरुस्त होईपर्यंत ही रस्त्यावर दिसता कामा नये.”

परवाना हातात पडला आणि व्रत सुटलं. ‘हे’ परवान्याच्या कचेरीच्या फाटकापाशी उभे होते. बिचाऱ्यांनी नुसतं “काय झालं?” विचारलं, आणि मी जी सुरू झाले ती पातेल्यापासून. नळ, पंखा, घड्याळ करत ब्रेकपर्यंत आले. “अहो, स्टेअरिंग एवढं थडथडतं, तुम्हाला कळत नव्हतं?”

“कळत होतं ना!” यांचे डोळे भरून आले. “पण तू एक अक्षर बोलली नाहीस. मग मला वाटलं, गाडी ठीक आहे, माझेच हात कापायला लागलेत! दोनदा डॉक्टरकडे जाऊन आलो चोरून. चहा सोडला. मला वाटलं, झालं आपलं...”

(म्हणजे ती विरक्ती नव्हती.) मी तिथेच, भर फाटकात, यांचे हात हातात घेऊन बघितले. अगदी स्थिर होते. मग आम्ही गाडी समोरच्या गॅरेजात ढकलत नेली. ढकलताना हे दोनदा हसले आणि एकदा डोळे पुसले.

गॅरेजवाल्यानं चाक काढून दाखवलं. जुने पॅड लोखंडापर्यंत झिजले होते आणि त्यांनी चाकाच्या गोल डिस्कवर चर पाडले होते. डिस्क थोडी वाकडीही झाली होती. “डिस्क तशीच ठेवून नुसते पॅड बदलले तर हादरणारच. कुणी केलं हे काम?”

“होता एक माणूस,” हे म्हणाले आणि चहा मागवला.

नव्या डिस्क बसल्या, नवे पॅड बसले, आणि दुसऱ्या दिवशी मी एकटी ताईकडे निघाले. तिच्या गल्लीच्या तोंडाशी सवयीनं लांबूनच ब्रेकवर पाय ठेवला. नव्या ब्रेकला ती सवय कुठली माहीत असायला! गाडी खिळा ठोकावा तशी जागच्या जागी थांबली आणि बंद पडली. पुढे चढ. मी चालू केली की ती मागे येई. शेवटी कडेला घेऊन देवाचं नाव घेत बसले. फोन वाजला.

“कुठे आहेस गं?” ताईनं विचारलं.

“आले की!”

“आले काय? खिडकीतून दिसतेयस मला. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापाशी काय करतेयस?”

“थांबलेय. छान थांबलेय. पण आता पुढे जात नाहीये.”

पलीकडून खुर्ची करकरल्याचा आवाज आला, मग काठीचा. काही वेळानं बघते तर ताई! पडल्यापासून खुर्ची न सोडलेली माझी ताई एका हातात काठी आणि दुसऱ्या हातानं भिंत धरून चढावरून खाली येत होती. येताना दर दोन पावलांना मला शिव्या देत होती. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या.

तिनं काचेवर टकटक केलं. “उतर खाली. आता मी आलेच आहे, तर दोघी मिळून ढकलू.”