कलाकृती क्रमांक सतरावरील आक्षेप

निर्भीड कलेशिवाय समाज जगू शकत नाही, आणि ती तपासणारा माणूस नेमल्याशिवाय समाजाला झोप लागत नाही. आपले तपासनीस हे या दुसऱ्या सोयीसाठी नेमलेले गृहस्थ. कार्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनात येणारी प्रत्येक कलाकृती ते भिंगाखाली धरत आणि तिच्यामुळे कोणाकोणाच्या भावना दुखावतील याची यादी करत. बावीस वर्षांत त्यांनी तीन हजार एकशे चार भावना दुखावण्याआधीच वाचवल्या. (त्यांपैकी साठेक भावना आपल्याला आहेत, हे संबंधितांना आक्षेप वाचूनच कळलं.) एका सूर्यास्ताच्या चित्रावर त्यांनी ‘नेमका कोणाचा सूर्य मावळतोय?’ असा शेरा मारला होता. चित्रकाराने मुकाट्याने त्याचा सूर्योदय करून आणला.

अशा माणसाच्या पोटात मात्र एक गोष्ट कित्येक वर्षं खदखदत होती. देशात जे चाललंय त्याबद्दल आपल्याला काय वाटतं, ते मरण्याआधी एकदा तरी सांगून टाकावं. तोंडाने सांगणं स्वभावात नव्हतं. (भाजीत मीठ कमी पडलं तर ते नुसतं मिठाच्या डबीकडे बघत.) म्हणून त्यांनी मिश्र माध्यमाचा आसरा घेतला, म्हणजे रंगाच्या जोडीला घरात जे हाताला लागेल ते चिकटवायचं. सहा महिन्यांचे रविवार त्यात गेले. आकार नऊ इंच बाय सात. साहित्य: पुठ्ठा, शिक्क्याची शाई, जुन्या मतदार यादीचं एक पान, खुर्चीच्या गादीतला कापूस, लाल दोरा आणि बायकोच्या कोटाचं बटण.

बायकोने बटण ओळखलं. मग बराच वेळ चित्र बघत राहिली.

“बटण गेलं ते गेलं,” ती म्हणाली, “पण खरं सांगू का? छान झालंय हो. बघताना जरा भीतीच वाटते.”

तपासनिसांना इतकं सुख लग्नाच्या दिवशीही झालं नव्हतं.

चित्र रीतसर आवक नोंदवहीत चढलं, त्याला सतरा क्रमांक पडला, आणि नियमाप्रमाणे ते तपासणीसाठी तपासनिसांच्याच टेबलावर आलं. ते साहेबांकडे गेले. हे चित्र माझंच आहे, दुसऱ्या कोणाकडे द्यावं, म्हणाले.

“दुसरं आहे कोण? तुम्हीच बघा,” साहेब म्हणाले. “आणि घरचंच आहे, तर द्या सोडून.”

हे शेवटचं वाक्य साहेबांनी बोलायला नको होतं. घरचं म्हणून सोडलं, तर उद्या सूर्यास्तवाल्याला काय तोंड दाखवणार? तपासनिसांनी भिंग पुसलं. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत अकरा आक्षेप निघाले. नमुन्यादाखल काही असे: कापूस कोणाच्या खुर्चीतला? दोरा लालच का? (चित्रकाराचा खुलासा: घरात तोच होता. खुलासा अमान्य.) आकार जाणूनबुजून लहान ठेवून कोणाला तरी लहान लेखण्याचा हेतू दिसतो. आणि अकरावा: एका निःपक्ष साक्षीदार महिलेला चित्र बघताना भीती वाटली.

चित्रकाराला उत्तरासाठी सात दिवस मिळाले. चित्रकाराने दुसऱ्याच दिवशी घरून खरमरीत उत्तर पाठवलं: ‘कलेला जाब विचारणारे तुम्ही कोण?’ ते वाचून तपासनीस दुखावले. उद्धट भाषा हा बारावा आक्षेप धरून त्यांनी चित्र नामंजूर केलं. पत्र टपालाने घरी आलं तेव्हा सही करून त्यांनीच घेतलं.

“कोणी नाकारलं?” बायकोने विचारलं.

“वरून आलंय,” ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी खरं होतं.

प्रदर्शनात क्रमांक सतराच्या जागी खिळा होता आणि खाली कार्ड: ‘आक्षेपार्ह आढळल्याने मागे घेतली.’ इतर कलाकृतींसमोर लोक सरासरी नऊ सेकंद थांबले, खिळ्यासमोर चार मिनिटं. एक निवृत्त प्राध्यापक मान डोलवत म्हणाले, “सगळं सांगून टाकलंय.” अभिप्राय वहीत छप्पन्न जणांनी ‘धाडसी!’ असं लिहिलं. खाली सही कोणीही केली नाही.

प्रदर्शन बघायला सोबत आलेली बायको हळूच म्हणाली, “परत मिळालेलं चित्र पिशवीतच आहे ना तुमच्या? लावा की. खिळा रिकामाच आहे.”

तपासनिसांनी पिशवीत हात घातला. बोटांना बटण लागलं. अडवायला कोणी नव्हतं. अडवणारा माणूस बावीस वर्षांत एकच होता, आणि आत्ता त्याचा हात पिशवीत होता. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. मग त्यांनी हात बाहेर काढला.

“आता लावलं तर लोकांची निराशा होईल,” ते म्हणाले.

त्या चित्रात नेमकं काय होतं, हे प्रदर्शनात एकानेही विचारलं नाही. इथवर वाचत आलेल्या आपल्याकडूनही ते विचारायचं राहून गेलं असेल, तर वाईट वाटून घेऊ नये. ज्यांना विचारायचंच आहे, त्यांना उत्तर द्यायला कार्यालय तयार आहे. अर्जावर पूर्ण नाव, पत्ता आणि माहिती कशासाठी हवी ते लिहून खाली सही करावी. आजवर असा एकही अर्ज आलेला नाही.