चूल बघायला आलेल्या आत्या

मला बघायला तुडीलला, माझ्या माहेरी, पाच माणसं आली होती. त्यातल्या चौघांनी मला बघितलं. पाचव्या म्हणजे मुलाच्या सुंदराआत्या. त्या ओटीवर पाय ठेवल्या ठेवल्या माझ्या आईला "आलेच गो" म्हणाल्या आणि मागच्या दाराने गेल्या त्या गेल्याच. मी लाडवांचं ताट घेऊन बाहेर आले, नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, खाली मान घालून बसूनही झालं, तरी आत्यांचा पत्ता नाही. सगळ्यांना वाटलं, पोटाची काहीतरी तक्रार असेल. त्यामुळे कोणी चौकशीही करेना.

मग त्या आल्या. ओटीच्या मधोमध उभं राहून त्यांनी उजव्या हाताचा पंजा सगळ्यांसमोर धरला. बोटांची टोकं तेवढी काळी होती.

"कोपरापर्यंत हात घातला, तरी एवढीच काजळी," त्या म्हणाल्या. "चुलीचा घसा साफ हाय. पोरगी करायची."

आणि लाडू उचलला. डाव्या हाताने.

माझं लग्न हे असं ठरलं. खरं सांगायचं तर ती चूल मी साफ केलीच नव्हती. पाहुणे येणार, घरात धूर नको, म्हणून माझ्या वडिलांनी सकाळी उठून तिचं धुराडं झाडलं होतं. लग्नानंतर दोन वर्षं मी हे मनात ठेवलं आणि मग एकदा न राहवून आत्यांना सांगून टाकलं. त्या जराही गडबडल्या नाहीत. म्हणाल्या, "आधी सांगायचं ना! विलासचं लगीन तुझ्या बापाशी लावलं असतं."

सुंदराआत्या माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. राहायला वर कुडपणला, पठारावर. मूलबाळ नाही, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. दोन गाई, नाचणीचा एक तुकडा आणि एक चूल, एवढा संसार. आम्ही खाली पोलादपुरात. आठवड्यातून एकदा त्या जीपने बाजाराला उतरत. अंगाने काटकुळ्या, उंची माझ्या खांद्यापर्यंत आणि हातात स्वतःपेक्षा लांब कळकाची काठी. काठीच्या टोकाला काथ्याचा जाड बोंडा बांधलेला. धुराडं साफ करायचा हा त्यांचा कुंचा. जीपवाला तो टपावर टाकायला बघायचा, तर आत्या म्हणायच्या, "मला टाक टपावर. त्याला आत घे."

कोणाच्याही घरी गेल्या की पहिलं वाक्य ठरलेलं : "घसा बघू." नव्या माणसाला वाटायचं आपलाच घसा. आमच्या शेजारच्या गुरुजींनी एकदा खरंच तोंड उघडून दाखवलं होतं. पण आत्यांच्या लेखी घसा एकच, चुलीचा. तो बघितल्याशिवाय त्या चहा घेत नसत, बसत नसत, घरच्यांची खुशालीसुद्धा विचारत नसत. "चूल खोकत असली तर माणसं काय खुशाल असतील?"

जळणाचं त्यांचं शास्त्र वेगळं. लाकडाच्या वखारीत जाऊन त्या दोन ढलप्या एकमेकींवर आपटायच्या आणि कान देऊन ऐकायच्या. "टण् वाजलं पायजे. थप् वाजलं तर अजून पाणी हाय त्यात." सगळा ढीग असा वाजवून होईपर्यंत वखारवाला डोकं धरून बसायचा. मी महाडच्या एका शाळेत शास्त्र शिकवते. ज्वलनाचा धडा मी वर्षानुवर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवला, पण ओल्या लाकडाचा धूर पाइपात चिकट होऊन बसतो आणि तोच पुढे पेट घेतो, हे मला आत्यांनी सांगितलं. पुस्तकात नव्हतं.

राख प्लास्टिकच्या बादलीत भरलेली दिसली की त्या बादली उचलून थेट अंगणात नेत. "वरून गार, पोटात निखारा. माणसासारखीच असते ती. पत्र्याच्या घमेल्यात भर." चुलीवर रॉकेल ओतणाऱ्याशी तर त्या महिनाभर बोलत नसत. चुलीपुढे बसलेल्या बाईचा पदर किंवा पोरीची ओढणी मागून येऊन कमरेला करकचून खोचून टाकत. ओळख असो वा नसो. एका लग्नात त्यांनी असा नवरीच्या मावशीचा शालू खोचला होता. ती मावशी चुलीपाशी नव्हती, फोटोला उभी होती. पण चूल फार लांब नव्हती, असं आत्यांचं म्हणणं.

आता गंमत अशी, की या बाईंचा सख्खा भाचा, म्हणजे माझा नवरा विलास, गिझर विकतो. हायवेच्या कडेला त्याचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. आत्या दुकानात आल्या की तो गिऱ्हाइकाला मागच्या दाराने बाहेर काढायचा, नाहीतर त्या गिऱ्हाइकाला विचारायच्या, "तुझ्या घरची चूल काय वाईट हाय रे?" आम्ही नवीन घर बांधलं तेव्हा विलासने आत इंडक्शन, गॅस, गिझर, सगळं बसवलं. मागच्या पडवीतली पाइपाची जुनी चूल मात्र आत्यांच्या धाकाने ठेवली. ठेवली म्हणजे नुसती ठेवली. पावसाळाभर तिच्यात कोणी काडी पेटवली नाही, आणि पावसात वरची जीप बंद असल्याने आत्याही घसा बघायला उतरल्या नाहीत.

पाऊस सरल्यावर आम्ही घराचा सत्यनारायण घातला. साठ पानं जेवायला. आणि सकाळीच गॅसच्या शेगडीने मान टाकली, तासाभराने वीजही गेली. विलास म्हणाला, "मागची चूल पेटव." स्वयंपाकाला आलेल्या बायकांनी चूल पेटवली. लाकडं पडवीच्या कडेला भिजलेलीच होती, मी घाईत ती वाजवून बघितली नाहीत. धूर पाइपातून वर जायच्याऐवजी मागे फिरून पडवीभर पसरला. बायका डोळे पुसत भाताचं आधण ठेवत होत्या. मग विलासने खोक्यांचे पुठ्ठे आणि सुक्या झावळ्या आणून आत कोंबल्या. जाळ चांगला भडकला, धूर कमी झाला. विलासने माझ्याकडे विजयी मुद्रेने बघितलं.

तेवढ्यात आत्या आल्या. जीप उशिरा सुटल्यामुळे त्यांची पूजा हुकली होती, कथेचा शेवटचा अध्याय चालू होता. दारातूनच म्हणाल्या, "घसा बघू."

"आत्या, आज नको," विलास हात जोडून म्हणाला. "साठ माणसं जेवायची आहेत. उद्या बघा. पायजे तर आठवडाभर बघा."

त्याचं बोलणं पुरं झालं नाही. पाइपातून घर्रर्र असा आवाज यायला लागला. भरलेला ट्रक कशेडीचा घाट चढताना करतो तसा. पाइपात साचलेली काजळी पेटली होती. बघता बघता पाइप तापून लाल दिसायला लागला आणि वरच्या तोंडातून ठिणग्या उडायला लागल्या. पाइप जिथे छपरातून बाहेर जात होता, तिथे त्याच्यापासून हातभर अंतरावर लाकडी वासा होता.

विलास पाण्याची बादली घेऊन धावला. आत्यांनी काठी आडवी घातली.

"पाणी नको! तापलेला पाइप फुटेल, वाफेने भाजशील. बादली खाली ठेव नि गोणपाट भिजव!"

एवढ्याशा त्या बाईने मग अंगणात फौजदारकी सुरू केली. भाताचं पातेलं दोघींनी उतरवायचं. जळती लाकडं चिमट्याने ओढून अंगणात मातीवर टाकायची. "चुलीचं तोंड बंद करा, तिला हवा मिळू देऊ नका!" ओलं गोणपाट चुलीच्या तोंडाला आणि वैलाच्या, म्हणजे बाजूच्या छोट्या चुलीच्या, भोकाला दाबून बसवलं. भिंतीला रचलेलं जळण लांब करायला पाहुण्यांची रांग लावली. त्यात आमच्या शाळेचे मुख्याध्यापकही होते, ते रेशमी सदऱ्यात मोळ्या वाहत होते. मला आत्यांनी शिडीवर चढवलं.

"वाशाला हात लाव. गरम हाय?"

"कोमट आहे, आत्या."

"तिथून नजर हलवू नकोस. धूर निघाला तर ओरड."

तिकडे कथा सांगणाऱ्या गुरुजींनी पूजा उचलून कडेवर घेतली होती आणि गेटाबाहेर रस्त्यावर उभं राहून ते उरलेला अध्याय भराभर वाचून संपवत होते.

ती घरघर हळूहळू कमी झाली. पाइपाचा लाल रंग विझत गेला. वाशाला काही झालं नाही. तरी आत्यांनी तासभर कोणाला हलू दिलं नाही. पाइप हात लावण्याइतका गार झाल्यावर पदर खोचून त्या स्वतः शिडी चढल्या आणि वरून कुंचा घातला. खालच्या तोंडातून काळ्या खपल्या पडल्या, घमेलंभर. त्यामागून काड्यांचं एक घरटंही आलं, अर्धं जळलेलं, रिकामं.

"पावसात पाखरू राहिलं होतं," आत्या वरून म्हणाल्या. "बिचाऱ्याला वाटलं असेल, ह्या घरात कोण चूल पेटवत नाय."

विलासने मान खाली घातली.

शेजाऱ्यांकडची सुकी लाकडं आणून चूल पुन्हा पेटली. धूर सरळ सुतासारखा आभाळात गेला. पंगत बसली तेव्हा चार वाजले होते, पण साठच्या ऐवजी ऐंशी माणसं जेवली, कारण आग बघायला आलेलेही बसले. आत्यांनी विलासची पाठ थोपटली. त्याच्या पांढऱ्या झब्ब्यावर पाच बोटं काळी उमटली. तो झब्बा त्याने दिवसभर बदलला नाही. आता त्याच्या दुकानात गिझरच्या शेजारी धुराड्याच्या तोंडावर बसवायच्या टोप्या आणि काथ्याचे कुंचे टांगलेले असतात.

यंदा शिमग्याच्या आधी मी एकटीच कुडपणला गेले. आत्यांना कायमचं खाली आणायचं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. त्यांची खोली सारवून घेतली होती. गाईंसाठी मागे गोठाही घातला होता. वर पोचले तर दाराला कडी, आत्या नाहीत. समोर गाई रवंथ करत होत्या. वाडीच्या वरच्या अंगाला बंद घरांची ओळ आहे, त्या घरांची माणसं मुंबईला असतात. त्यातल्या एका घराच्या कौलांतून धूर निघत होता. मी चढून गेले.

दार लोटलं. आत्या चुलीपुढे बसल्या होत्या. चुलीवर चहा उकळत होता.

"आत्या, हे कोणाचं घर?"

"पार्वतीचं. नालासोपाऱ्याला असते ती."

"मग तुम्ही इथे काय करताय?"

"चूल बंद राहिली की ओल धरते, पाखरं घर करतात. शिमग्याला माणसं येणार, आल्या आल्या पोरांच्या डोळ्यांत धूर नको." त्यांनी कमरेचा जुडगा दाखवला. नऊ किल्ल्या होत्या. "रोज एक-दोन घरं. पेटवते, घसा बघते, राख काढते."

"आणि चहा?"

त्या जरा लाजल्या. "अंगार टाकून उठायचं नाय ना गो. विझेपर्यंत बसावं लागतं. मग घोटभर चहा घेते. पार्वतीच्या घरात पार्वतीशी बोलते, दगडूच्या घरात दगडूशी. माझ्या घरात कोणाशी बोलू? तिथं मीच असते."

त्या उठल्या, फळीवर हात घालून दुसरा कप शोधू लागल्या. कप सापडला तो धुळीने भरलेला. त्यांनी तो एकदा धुतला, पदराने पुसला आणि पुन्हा धुतला.

"तू कशाला आलीस ते सांगितलंच नायस."

"तुम्हाला न्यायला," मी म्हणाले. "आमच्याकडे राहायला."

आत्यांनी चहा ओतला. दोन्ही कप काठोकाठ. मग चिमट्याने बाहेर आलेला एक निखारा आत लोटला.

"पावसाळ्यात येईन," त्या म्हणाल्या. "तेव्हा वर कोण येत नाय. आता नको. नऊ घरं हायत."

मी हट्ट धरला नाही. निखारे विझेपर्यंत आम्ही बसलो. पार्वतीच्या सुनेचं बाळंतपण, दगडूची नोकरी, कोणाची पोरगी किती शिकली, सगळं त्यांनी मला सांगितलं. खाली जीपचा हॉर्न वाजला. शेवटची जीप होती. आत्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. मी विलासला फोन लावला.

"आज येत नाही मी."

"का? काय झालं? आत्या बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत. आम्हाला अजून दगडूकडे चहाला जायचंय."

आत्यांनी पार्वतीच्या दाराला कुलूप घातलं, दोनदा ओढून बघितलं. मग जुडग्यातून एक किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "ही घे. दगडूचं दार जरा घट्ट हाय. तू उघड."