चाळीसच्या आतली संघमित्रा

दीडशेच्या वेगाने मोटारसायकल फेकणारी संघमित्रा माझ्या टेम्पोत बसली, की काटा चाळिसाला टेकायच्या आत ओरडते, "काका, मारता का मले!"

लोकांना हे खरं वाटत नाही. आर्णीच्या चौकात तिचे फोटो लागतात, शाळा तिला बक्षिसं वाटायला बोलावतात. ती ड्रॅग रेस खेळते. म्हणजे दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की चारशे मीटर सरळ पळायचं, पहिला पोचला तो जिंकला. आपल्याला ठसका लागून पाणी पिईपर्यंत खेळ संपलेला असतो. एवढ्यासाठी मी तिची गाडी दोरखंडाने बांधून जिल्ह्याबाहेर नेतो, आणि ती रस्ताभर माझ्या शेजारी नसलेला ब्रेक दाबत बसते. तिच्या पायाखालची चटई मला दोनदा बदलावी लागली.

"म्हैस हाय, काका."

"दिसली."

"तिनं तुमाले पाह्यलं का?"

एकदा वैतागून विचारलं, "रेसमंदी भेव नाही लागत तुले?"

"तिथं समोरून कोनीच येत नाही. सरळ जायचं, बस. त्याले काय भ्यायचं?"

गावात ती आईची स्कुटी चालवते तेव्हा शाळकरी पोरं सायकलवरून घंटी वाजवत तिच्या पुढे जातात. कोंबडी आडवी आली तर ती थांबते. कोंबडी तिथेच दाणे टिपत बसली, तर हीही बसते.

मी हातगाडीपासून टेम्पोपर्यंत स्वतःच्या जोरावर आलो. भाड्याच्या भावात मला भल्याभल्या व्यापाऱ्यांनी वाकवलं नाही, या पोरीने वाकवलं. म्हणाली, "चाळीसच्या आत चालवलं तर डिझेल वाचते ना? ते मीच वाचवून राह्यली. तेवढं भाड्यातून कमी करा." मी भाडं कमी केलं.

पण ते एक वेळ सोडा. माझं खरं दुखणं वेगळंच आहे.

पुण्याच्या एका टीमने तिला पगारावर घेतलं होतं. पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही, ते हंगामातल्या शेवटच्या रेसवर ठरणार होतं. गाड्यांची तपासणी संध्याकाळी बंद होते, म्हणून मी हिशोबाने लवकर निघालो. यवतमाळच्या अलीकडे कापूस खरेदी केंद्र लागलं. त्या वर्षी कापसाचा भाव पार बसला होता. व्यापारी हात लावत नव्हते, आणि सरकारी काटा दिवसाला चार गाड्या मोजून बंद व्हायचा. रस्त्याच्या दोन्ही कडांना बैलगाड्या नि मेटॅडोर उभे, दिवसचे दिवस. भर दुपारी माणसं गाड्यांखालच्या सावलीत झोपलेली, पाय डांबरावर.

मी हॉर्नवर हात ठेवला. तिने तो उचलला.

"वाजवू नका. आत्ता कुठं डोया लागला असंन."

आणि खाली उतरली. टेम्पोच्या पुढे चालायला लागली, एकेका गाडीपाशी वाकून, हलक्या आवाजात, "भाऊ, पाय घ्या जरा. मावशी, पाय."

एक म्हातारा दचकून उठला. "नंबर लागला का व?"

"नाही बाबा. झोपा तुमी."

मी पहिल्या गिअरमध्ये, केबिनमधून बोंबलतोय, "अवो रेसवाल्या बाई, इथं तरी पळा!" ती मागे वळूनही बघेना. रांग संपता संपेना. चारशे मीटरसाठी नाव कमावलेली बाई त्या दिवशी किती चारशे मीटर पायी चालली, देव जाणे.

आम्ही पोचलो तेव्हा तपासणी बंद झाली होती. टीमच्या मॅनेजरने तिला सगळ्यांसमोर झापलं आणि पुढे टीममधून काढलं. पेपरवाल्याने कारण विचारलं तर ही म्हणाली, "टेम्पो उशिरा पोचला."

तसंच छापून आलं. आर्णीत माझं नाव पडलं लेटभाऊ. सोयाबीनची पोती देणारे व्यापारी दुसऱ्या टेम्पोकडे गेले. मी पेपर मुठीत चुरगाळून तिच्या घरी गेलो. ती अंगणात गाडीची चेन पुसत होती.

"काहून खोटं बोल्ली? उशीर माह्या टेम्पोनं केला का तुह्या पायानं?"

"माह्या पायानं."

"मंग तसं सांगाले काय झालतं?"

ती चेन पुसतच राहिली. "तसं सांगतलं असतं तर काय छापलं असतं, काका? रस्त्यात झोपलेल्या लोकायपायी पोरीची रेस गेली. त्यायचा कापूस कोनी घेऊन नाही राह्यलं, उन्हात पडून हायेत, त्यात हेबी त्यायच्याच डोक्यावर? कोनाचं तरी नाव घ्याच लागत होतं. तुमचं घेतलं. तुमी भांडून घेता."

मी वाटभर जमवलेल्या शिव्यांतली एकही इथे बसेना.

"मले इचारायचं तरी."

"इचारलं असतं तर तुमी भाव केला असता."

टीम नाही, पगार नाही, तरी महिनाभराने ती स्वतःच्या गाडीवर स्वतःच्या खर्चाने रेसला निघाली. टेम्पो माझाच. स्टँडजवळ पानवाला टपरीतून ओरडला, "काय लेटभाऊ, आज तरी टाइमावर पोचवता का पोरीले?"

केबिनमध्ये माझ्या शेजारी बसलेली संघमित्रा खिडकीबाहेर तोंड काढून "उशीर काकाच्यानं नाही..." असं सांगायला लागली. मी तिला हाताने थांबवलं.

"हो रे बाबा," मी पानवाल्याला म्हटलं, "त्या दिवशी माह्याच्यानंच उशीर झाला."